नावे बारा, घटना एकच: अल्डिहाइड आणि कीटोन यांवरील केंद्रकस्नेही समावेशन

प्रात्यक्षिक परीक्षेत विद्यार्थ्याला एक अनोळखी द्रव दिला जातो. त्याचे दोन थेंब तो अल्कोहोलमध्ये मिसळतो, त्यात २,४-डायनायट्रोफेनिलहायड्राझिनचे द्रावण घालतो, परीक्षानळी हलवतो आणि पाहता पाहता नळीत पिवळा किंवा नारिंगी अवक्षेप उतरतो. प्रयोगशाळेत ‘डीएनपी टेस्ट’ या लाडक्या नावाने ओळखली जाणारी ही चाचणी झाली, की वहीत ‘कार्बोनिल गट आहे’ असे लिहून विद्यार्थी पुढच्या चाचणीकडे वळतो. नळीत नेमके काय घडले, याचा विचार करायला त्याला तेव्हा सवड नसते आणि पुढेही फारशी मिळत नाही. कारण लेखी परीक्षेसाठी सायनोहायड्रिन, बायसल्फाइट, ॲसिटल, ऑक्झिम, हायड्राझोन, ग्रिन्यार अशी मोठी यादी त्याची वाट पाहत असते. पाठ्यपुस्तके ही यादी तक्त्यात मांडतात. सोयीसाठी ते ठीक आहे, पण माझ्या मते त्या तक्त्यानेच या प्रकरणाचे सर्वाधिक नुकसान केले आहे, कारण तक्त्याच्या प्रत्येक ओळीत एकच घटना वेगवेगळ्या वेषांत उभी असते आणि ती एकच आहे हे तक्ता सांगत नाही.

त्या घटनेचे स्थान म्हणजे कार्बन आणि ऑक्सिजन यांच्यातील दुहेरी बंध, अर्थात कार्बोनिल गट. या गटातील कार्बनला किमान एक हायड्रोजन जोडलेला असेल तर ते संयुग अल्डिहाइड आणि दोन्ही बाजूंना कार्बनच असतील तर कीटोन. दुहेरी बंधातील इलेक्ट्रॉन दोन्ही अणूंमध्ये समान वाटलेले नसतात. पाउलिंगच्या मापनश्रेणीवर ऑक्सिजनची विद्युतऋणता ३.४४ आणि कार्बनची २.५५ आहे, त्यामुळे इलेक्ट्रॉनांचा ढग ऑक्सिजनकडे झुकतो. ऑक्सिजनवर थोडा ऋण प्रभार साचतो आणि कार्बन तितकाच उघडा पडतो. त्यातच हा कार्बन आणि त्याला जोडलेले तिन्ही अणू एकाच पातळीत असतात, त्यांच्यातील कोन जवळपास १२० अंशांचे असतात, म्हणजे त्या पातळीच्या वर आणि खाली मोकळी जागा असते. इलेक्ट्रॉनांची उणीव असलेला आणि दोन्ही अंगांनी मोकळा असलेला अणू इलेक्ट्रॉनसंपन्न कणाला आपल्याकडे ओढणार, हे ओघानेच येते.

अशा इलेक्ट्रॉनसंपन्न कणाला केंद्रकस्नेही, म्हणजेच न्यूक्लिओफाइल म्हणतात. अणूचे केंद्रक धनप्रभारित असते आणि इलेक्ट्रॉनांची जोडी बाळगणारा कण धन प्रभाराच्या शोधात असतो, म्हणून हे नाव. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ क्रिस्टोफर इनगोल्ड यांनी १९३३ साली ते रूढ केले. असा कण कार्बनशी बंध जोडतो, तेव्हा कार्बनचे चार बंध आधीच पूर्ण असल्यामुळे दुहेरी बंधातील एक जोडी त्याला सोडावी लागते; ती ऑक्सिजनकडे जाते आणि ऑक्सिजन पूर्ण ऋण प्रभार घेऊन बसतो. पुढे त्याला कुठूनतरी प्रोटॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेला हायड्रोजन, मिळतो आणि त्याचा हायड्रॉक्सिल (OH) गट होतो. मूळ घटना एवढीच. एस्टर किंवा आम्लक्लोराइड यांच्यातही कार्बोनिल गट असतो आणि तिथेही सुरुवात अशीच होते, पण त्यांच्याकडे सहज निघून जाऊ शकेल असा एखादा गट असतो, त्यामुळे नवा आला की जुना बाहेर पडतो. अल्डिहाइड आणि कीटोन यांच्यापाशी फक्त हायड्रोजन किंवा कार्बनसाखळी असते, आणि हे दोन्ही ऋण आयन होऊन निघून जायला सहसा तयार नसतात. आलेला कण तिथेच राहतो, म्हणून हे समावेशन.

हे सगळे आज दोन बाणांनी फळ्यावर काढून दाखवता येते. परंतु ‘आधी कोण येतो’ हा प्रश्न विसाव्या शतकाच्या आरंभी खरोखरच अनुत्तरित होता. कार्बोनिल संयुगावर हायड्रोजन सायनाइडचे समावेशन होऊन सायनोहायड्रिन बनते, हे माहीत होते. पण हायड्रोजन आणि सायनाइड एकदमच जोडले जातात, की आधी हायड्रोजन आणि मग सायनाइड, की उलट? त्याचे उत्तर आर्थर लॅपवर्थ यांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध केले. लॅपवर्थ यांची सुरुवातीची जडणघडण कापराच्या रसायनशास्त्रात झाली होती, आणि कापरापासून मिळणारे कॅम्फरक्विनोन हे संयुग पिवळे असते, तर त्याचे सायनोहायड्रिन रंगहीन. म्हणजे अभिक्रिया किती पुढे गेली, हे पिवळा रंग किती फिकट झाला यावरून डोळ्यांनी कळणार. त्यांना असे दिसले, की किंचित अल्कली घातली की रंग झपाट्याने उडतो आणि आम्ल घातले की तो तसाच टिकून राहतो. ॲसिटोनबाबतचे आकडे आणखी बोलके आहेत. नुसत्या हायड्रोजन सायनाइडबरोबर तीन-चार तासांत निम्मा माल संपला. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब पडताच तेच काम दोन मिनिटांत पूर्ण झाले. आणि भरपूर खनिज आम्ल असताना कित्येक आठवड्यांतही काही घडले नाही.

या तीन निरीक्षणांतून निघणारा निष्कर्ष पाहण्यासारखा आहे. प्रोटॉन आधी येत असता, तर आम्लाने वेग वाढायला हवा होता. घडले नेमके उलट. हायड्रोजन सायनाइड हे अतिशय दुर्बल आम्ल आहे, त्यामुळे त्याच्या द्रावणात मुक्त सायनाइड आयन नगण्य असतात. अल्कली त्यांची संख्या वाढवते, आम्ल ती आणखी घटवते, आणि अभिक्रियेचा वेग त्या संख्येबरोबर वरखाली होतो. म्हणजे सायनाइड आयन आधी येतो, त्याचे येणे हाच सावकाश होणारा टप्पा आहे, आणि प्रोटॉन नंतर झटकन जोडला जातो. सेंद्रिय अभिक्रियेची यंत्रणा प्रयोगाने उलगडण्याच्या अगदी पहिल्या उदाहरणांत याची गणना होते. जाता जाता सांगायचे तर लॅपवर्थ, फ्रेडरिक किपिंग आणि धाकटे विल्यम पर्किन हे त्या काळातील तीन नामवंत रसायनशास्त्रज्ञ एकमेकांचे साडू होते. हॉलंड घराण्यातील तीन बहिणींशी त्यांची लग्ने झाली होती.

कोण येतो हे ठरले, तरी कुठून येतो हा प्रश्न पुढे बरीच वर्षे तर्कावरच सोडवला जात होता. १९७३ मध्ये झ्युरिकच्या ईटीएच या तंत्रज्ञान विद्यापीठातील हान्स-बीट ब्यूर्गी आणि जॅक डुनिट्झ यांनी एली शेफ्टर यांच्यासह त्याला एक अनपेक्षित वाट काढली. त्यांनी अशा स्फटिकांच्या रचना गोळा केल्या ज्यांच्या रेणूत एक अमिनो नायट्रोजन आणि एक कार्बोनिल गट समोरासमोर अडकून पडलेले असतात. वेगवेगळ्या रेणूंमध्ये हे अंतर वेगवेगळे होते. सर्वांत लांबच्या जोडीपासून सर्वांत जवळच्या जोडीपर्यंत या रचना ओळीने मांडल्या, तेव्हा जणू अभिक्रियेचीच स्थिरचित्रे तयार झाली: नायट्रोजन जसजसा जवळ येतो तसतसा कार्बन आपल्या पातळीतून उचलला जाऊन त्याच्याकडे सरकतो आणि कार्बन-ऑक्सिजन बंध लांबत जातो. येण्याची दिशा मात्र बरोबर डोक्यावरून, म्हणजे ९० अंशांनी नसते. ती ऑक्सिजनपासून किंचित मागे कललेली, सुमारे १०७ अंशांची असते. त्याची दोन कारणे आहेत. ऑक्सिजनवरील इलेक्ट्रॉन येणाऱ्या इलेक्ट्रॉनांना दूर लोटतात, आणि ज्या रिकाम्या कक्षकात, म्हणजे इलेक्ट्रॉनांसाठीच्या जागेत, येणारी जोडी शिरायची असते, त्याचा कार्बनवरील पसाराही तसाच ऑक्सिजनपासून बाहेरच्या अंगाला कललेला असतो.

हा मागे कललेला मार्ग लक्षात घेतला, की अल्डिहाइड कीटोनपेक्षा अधिक क्रियाशील का, याचे अर्धे उत्तर मिळते. त्या मार्गाच्या दोन्ही बाजूंना कार्बनचे उरलेले दोन गट असतात. हायड्रोजन असेल तर वाट मोकळी, मिथिल असेल तर थोडी अडचण, फेनिलसारखा मोठा गट असेल तर जास्त. शिवाय समावेशनानंतर कार्बनभोवतीचे कोन १२० वरून १०९.५ अंशांच्या आसपास येतात, म्हणजे आधीच दाटी असलेल्या गटांना आणखी जवळ सरकावे लागते. उरलेले अर्धे उत्तर इलेक्ट्रॉनांचे आहे: कार्बनसाखळ्या आपले इलेक्ट्रॉन थोडेफार कार्बोनिल कार्बनकडे ढकलतात आणि त्याची उणीव भरून काढतात. बेन्झाल्डिहाइडमध्ये तर बेन्झीनचे कडेच ही मदत करते, त्यामुळे अल्डिहाइड असूनही ते ॲसिटाल्डिहाइडपेक्षा मंद ठरते.

या फरकाची खरी व्याप्ती पाण्याच्या उदाहरणात दिसते. पाणीसुद्धा केंद्रकस्नेही आहे, दुर्बल असले तरी. ते कार्बोनिल कार्बनवर आले, की एकाच कार्बनवर दोन हायड्रॉक्सिल गट असलेले हायड्रेट तयार होते आणि ते पुन्हा मोडूही शकते, त्यामुळे द्रावणात दोघांचा समतोल राहतो. फॉर्मल्डिहाइडच्या बाबतीत तो समतोल इतका एका बाजूला असतो, की पाण्यात ९९.९ टक्क्यांहून अधिक हायड्रेटच असते. ॲसिटाल्डिहाइडचे साधारण निम्मे. ॲसिटोनचे हजारात एक-दोन रेणू. एकेक हायड्रोजन काढून त्या जागी मिथिल बसवल्याचा हा परिणाम आहे. जीवशास्त्र विभागात नमुने ठेवायला जे फॉर्मलिन वापरतात, त्यात सुमारे ३७ टक्के फॉर्मल्डिहाइड असते असे बाटलीवर लिहिलेले असले, तरी आत मुक्त फॉर्मल्डिहाइड जवळजवळ नसतेच. असतात ती त्याची हायड्रेटे आणि ती एकमेकांना जोडून बनलेल्या लहान साखळ्या. जुन्या बाटलीच्या तळाशी जो पांढरा गाळ दिसतो, तो याच साखळ्या लांबून झालेला पॅराफॉर्मल्डिहाइड. तो होऊ नये म्हणून त्यात मेथॅनॉल घालतात. उलट दिशेचे टोकही आहे: ॲसिटाल्डिहाइडच्या मिथिलमधील तिन्ही हायड्रोजनांच्या जागी क्लोरीन बसवले, की क्लोरल मिळते, आणि त्याचे हायड्रेट इतके स्थिर असते की ते पांढऱ्या स्फटिकांच्या रूपात बाटलीत भरून ठेवता येते. क्लोरीन इलेक्ट्रॉन ओढून घेतो, कार्बोनिल कार्बन आणखी उघडा पडतो, आणि पाणी तिथे घट्ट धरले जाते.

ॲसिटोनच्या हजारातील त्या एक-दोन रेणूंना कोणी नगण्य म्हणेल. मिल्ड्रेड कोन आणि हॅरोल्ड युरी यांनी १९३८ साली ऑक्सिजनचे जड समस्थानिक असलेल्या पाण्यात ॲसिटोन ठेवून पाहिले, तेव्हा ॲसिटोनमधील ऑक्सिजनची पाण्यातील ऑक्सिजनशी अदलाबदल होते असे आढळले. हायड्रेट बनते, मोडते, आणि मोडताना दोन हायड्रॉक्सिलांपैकी कोणता बाहेर पडेल याला काही नेम नसतो. म्हणून ही अदलाबदल. थोडे आम्ल किंवा थोडी आम्लारी (म्हणजे बेस, उदाहरणार्थ अल्कली) असेल, तर ती कितीतरी वेगाने होते.

आम्लानेही वेग वाढतो आणि आम्लारीनेही, हे वाचून विद्यार्थी गोंधळतात, विशेषतः नुकतीच लॅपवर्थ यांची कथा ऐकली असेल तर. त्यात विसंगती नाही. आम्लारी येणाऱ्याला बळ देते: पाण्याचा प्रोटॉन काढून घेऊन त्याचा हायड्रॉक्साइड आयन करते, आणि तो पाण्यापेक्षा कितीतरी आक्रमक असतो. आम्ल मात्र कार्बोनिल गटावर काम करते: त्याचा प्रोटॉन ऑक्सिजनवर बसतो, ऑक्सिजन इलेक्ट्रॉनांना अधिक जोराने ओढू लागतो, आणि कार्बन इतका उघडा पडतो की दुर्बल पाणीसुद्धा पुरेसे होते. येणारा दुर्बल असेल आणि आम्लात त्याचे काही बिघडत नसेल, तर आम्ल उपयोगी. येणाऱ्याची ताकदच आम्लात हरवत असेल, तर ते घातक. सायनाइड दुसऱ्या प्रकारचा होता. हा एक निकष हाताशी असला, की पाठ्यपुस्तकात अमुक अभिक्रियेला आम्ल आणि तमुकला अल्कली का लिहिले आहे, हे बहुतेक वेळा स्वतःच काढता येते.

अल्कोहोल पाण्याचेच भावंड असल्याने त्याची गोष्ट लवकर आटोपता येते. एक अल्कोहोल रेणू जोडला गेला की हेमिॲसिटल आणि आम्लाच्या साहाय्याने पाणी बाहेर काढून दुसरा जोडला की ॲसिटल. ॲसिटल अल्कलीला दाद देत नाही आणि आम्लात मोडते, म्हणून संश्लेषणात कार्बोनिल गट काही काळ झाकून ठेवायला ते वापरतात. मात्र जगातील सर्वांत मुबलक हेमिॲसिटल आपल्या रक्तात आहे. ग्लुकोजच्या साखळीत एका टोकाला अल्डिहाइड असते, आणि पाचव्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट वळून आपल्याच रेणूतील त्या अल्डिहाइडवर येतो. त्यातून सहा अणूंचे कडे तयार होते. तो वरच्या अंगाने आला की खालच्या, यावरून ग्लुकोजची आल्फा आणि बीटा अशी दोन रूपे होतात, आणि पाण्यात त्यांचे प्रमाण साधारण ३६ आणि ६४ टक्के असते. उघडी साखळी हजारात एकापेक्षाही कमी. ती किती महत्त्वाची आहे ते पुढे येईलच.

हायड्राइड आणि ग्रिन्यार अभिकर्मक यांचे वर्तन मात्र वेगळे आहे, कारण ते एकदा आले की परत फिरत नाहीत. सोडियम बोरोहायड्राइड कार्बोनिल कार्बनला हायड्रोजन देतो, तोही इलेक्ट्रॉनांच्या जोडीसह, आणि अल्डिहाइडपासून प्राथमिक तर कीटोनपासून द्वितीयक अल्कोहोल मिळते. व्हिक्टर ग्रिन्यार यांनी १९०० साली फ्रान्समधील लियाँ येथे मॅग्नेशियम वापरून केलेल्या अभिकर्मकात कार्बन स्वतःच केंद्रकस्नेही होतो, म्हणजे कार्बनला कार्बन जोडता येतो. १९१२ चे नोबेल पारितोषिक त्यांना त्यासाठीच मिळाले. हा अभिकर्मक पाण्याचा प्रोटॉन दिसताच त्याच्याशी अभिक्रिया करून संपतो. जुलै महिन्यात कोकणपट्टीतील एखाद्या प्रयोगशाळेत ज्याने ग्रिन्यार अभिक्रिया सुरू करण्याचा प्रयत्न केला आहे, त्याला या अभिक्रियेच्या द्रावकाविषयीच्या ‘शुष्क ईथर’ या दोन शब्दांचे वजन निराळे सांगावे लागत नाही. आयोडीनचा खडा टाकून, फ्लास्क तळहातात धरून, मॅग्नेशियमभोवती बुडबुडे येण्याची वाट पाहत बसावे लागते.

आता सुरुवातीच्या परीक्षानळीकडे येऊ. अमोनियाचे नातेवाईक, म्हणजे अमाइन, हायड्रॉक्सिलअमाइन, हायड्राझिन आणि त्यांची अनुजाते, नायट्रोजनवरील जोडीने कार्बोनिल कार्बनवर येतात; पण समावेशनाने तयार झालेला रेणू तिथे थांबत नाही. त्यातून पाण्याचा एक रेणू निघून जातो आणि कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंध उरतो. अमाइनपासून मिळणाऱ्या अशा संयुगांना ह्यूगो शिफ यांच्या नावावरून शिफ बेस म्हणतात. येथे आम्लाचे माप नेमके लागते. आम्ल कमी पडले तर पाणी निघून जाण्याचा टप्पा रेंगाळतो. जास्त झाले तर नायट्रोजनवरची जोडी प्रोटॉनने अडवली जाते आणि येणाराच निकामी होतो. म्हणूनच हायड्रॉक्सिलअमाइन आणि ॲसिटोन यांची अभिक्रिया पीएच साडेचार-पाचच्या आसपास सर्वांत वेगवान असते आणि दोन्ही बाजूंना मंदावते. २,४-डायनायट्रोफेनिलहायड्राझिनमधील दोन नायट्रो गट त्याच्या नायट्रोजनांची आम्लारिधर्मिता इतकी घटवतात, की तीव्र आम्लाच्या द्रावणातही काही रेणू मोकळे राहून काम करतात. नळीत उतरणारा अवक्षेप म्हणजे पाणी गमावलेला हायड्राझोन. त्याचा रंगही वाचता येतो: ॲसिटोनसारख्या साध्या कार्बोनिलचा पिवळा, आणि दालचिनीतील सिनॅमाल्डिहाइडसारखा, ज्याच्या शेजारी आणखी दुहेरी बंध आणि बेन्झीनचे कडे आहे, त्याचा नारिंगी-लालसर.

हीच अभिक्रिया, कोणत्याही विकराच्या मदतीशिवाय, आपल्या लाल रक्तपेशींमध्ये सतत चालू असते. ग्लुकोजच्या त्या उघड्या साखळीचे अल्डिहाइड हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या टोकावरील व्हॅलिनच्या अमिनो गटाला सापडते, शिफ बेस बनतो, आणि तो पुढे अंतर्गत फेररचना होऊन स्थिर रूप घेतो. रक्तात साखर जितकी जास्त, तितके असे हिमोग्लोबिन जास्त. आणि लाल पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असल्यामुळे गेल्या दोन-तीन महिन्यांची नोंद तिथे साठून राहते. मधुमेहाच्या तपासणीत ‘एचबीए१सी’ या नावाने जो आकडा छापून येतो, तो या केंद्रकस्नेही समावेशनाचा हिशेब आहे.

बायसल्फाइटचा उल्लेख राहिला. सोडियम बायसल्फाइटमधील गंधक कार्बोनिल कार्बनवर येतो आणि मिळणारे संयुग मिठासारखे, पाण्यात विरघळणारे असते. जिऱ्याला जिऱ्याचा वास देणारे क्युमिनाल्डिहाइड तेलातील इतर घटकांपासून वेगळे काढायचे, तर ते या मार्गाने पाण्यात ओढून घेता येते आणि आम्ल किंवा अल्कली घालून परत मोकळे करता येते. पण येणारा मोठा असल्यामुळे ही सोय अल्डिहाइडांना आणि फारशी दाटी नसलेल्या कीटोनांनाच लागू पडते. देवघरातला कापूर कीटोन आहे, तरी बायसल्फाइट त्याच्याजवळ फिरकत नाही.

कापराचा रेणू पिंजऱ्यासारखा असतो: सहा कार्बनांच्या कड्यावरून एका कार्बनचा पूल गेलेला, आणि त्या पुलावर दोन मिथिल गट. कार्बोनिल कार्बनच्या एका अंगाला हे मिथिल छत्रीसारखे आडवे येतात. त्याला दोन हायड्रोजन दिले, की कागदोपत्री बोर्निओल मिळायला हवे, म्हणजेच बोर्निओ-सुमात्राच्या ड्रायोबॅलॅनॉप्स वृक्षातून निघणारा मूळचा भीमसेनी कापूर. प्रत्यक्षात कापरावर सोडियम बोरोहायड्राइड घातले, की हायड्राइड मिथिलांची बाजू टाळून खालच्या अंगाने येतो, हायड्रॉक्सिल गट वर पुलाच्या बाजूला ढकलला जातो, आणि फ्लास्कमध्ये भीमसेनी कापूर थोडा, त्याचे जुळे भावंड आयसोबोर्निओल मात्र कितीतरी अधिक सापडते.